शाळा व्यवस्थापन समितीवर निवड झाली आहे. गुरुजींना नेमकं काय विचारायचं?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. धाकट्याला यंदा गावातल्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीत घातलं. पालकसभेत कोणीच हात वर करेना, तेव्हा सरपंचांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य झालो. शाळा चौथीपर्यंत, पट ३८, शिक्षक दोन.

पहिल्या बैठकीला गेलो तर इतिवृत्त आधीच लिहून तयार. मागील इतिवृत्त कायम करणे, पोषण आहाराचा आढावा, ऐनवेळचे विषय. सह्या झाल्या, चहा झाला, संपलं. निघताना मी मोठ्या गुरुजींना विचारलं, "मुलांना वाचता येतं ना?" त्यांनी मोबाईलवर निपुणचा, म्हणजे कोणाला वाचन-गणित कितपत येतं याचा, तक्ता दाखवला. सगळा हिरवागार.

घरी येऊन शेजारच्या तिसरीतल्या पोरीला पुस्तक दिलं. 'पाऊस' वाचला, 'आभाळ' वाचला, 'डोंगरावर' जरा ओढत वाचला. 'पुस्तक'पाशी आली आणि थांबली. जोडाक्षर दिसलं की माझ्या तोंडाकडे बघायची.

सरल, यू-डायस, शाळासिद्धी, निपुण, पायाभूत चाचणी, संकलित चाचणी, एवढी मोजमापं असताना पालकाच्या हाती काय लागतं? समितीने काय विचारावं? गुरुजींशी वैर नको आहे. दोघेही माणसं म्हणून चांगली आहेत.

टवाळ_बंड्या
रुमाल टाकून ठेवतो.
इतिवृत्त आधी आणि बैठक नंतर ही पद्धत आमच्या हौसिंग सोसायटीतही आहे. गुरुजींना एकट्यांना दोष देऊ नका.

खडू_फळा
मी जिल्हा परिषद शिक्षक. उपशिक्षक, दोनशिक्षकी शाळा, त्यामुळे हा धागा माझ्यावरच काढलाय असं समजून लिहितो.

हिरव्या तक्त्याचं गुपित सांगतो. मूल लाल दाखवलं की मला खुलासा द्यावा लागतो. कृती आराखडा, त्याचे फोटो, केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर रोजचा अहवाल. हिरवं दाखवलं की कोणी काही विचारत नाही. आता तुम्हीच सांगा, साठ जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'अत्यंत तातडीचे, आज ५ वाजेपर्यंत' असा मेसेज पडल्यावर माणूस काय भरेल?

परवाचा दिवस सांगतो. परिपाठ झाला. तांदूळ मोजून दिला, पोषण आहाराची संख्या अॅपवर भरली. रेंज नव्हती म्हणून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन भरली. आधार जुळत नसलेल्या दोन मुलांच्या पालकांना फोन केला, एकाचा बंद. मग तालुक्याहून कसलीशी लिंक आली. आमच्याकडे माहिती निरंक होती, पण निरंक असेल तर निरंक म्हणून भरायचं असतं. ते भरलं. दुसरे सर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला. चारही वर्ग माझ्याकडे. तिसरीच्या जोडाक्षरांपाशी पोचलो तेव्हा पोषण आहाराची सुट्टी झाली.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देऊ नये. निवडणुकीचं काम मात्र वर्षभर पुरतं.

त्या पोरीला 'पुस्तक' वाचता आलं नाही हे मला नाकारायचं नाही. माझ्याही वर्गात अशी आहेत. पण तक्त्यात ती दिसत नाहीत, कारण तक्ता त्यांच्यासाठी भरलेला नसतो.

शंकासूर
गुरुजी, सगळं मान्य. पण ही कैफियत वीस वर्षं ऐकतोय. गावातल्या इंग्लिश मिडीयमच्या बाई आठ हजारांत राबतात आणि पालक तिकडे रांग लावतात. तुमच्या पगाराची चौथाईही ते होत नाहीत. किती जण मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहतात? घरभाडे भत्ता मात्र सगळे घेतात. २०२२ मध्ये हा विषय विधानसभेत निघाला तेव्हा संघटना रस्त्यावर आल्या. तेवढ्या तडफेने वाचनासाठी कधी आल्या?

अनुराधा_के
आला का मुख्यालयाचा मुद्दा. प्रतिसाद क्रमांक तीन. माझी पैज पाचची होती.

त्याच वर्षी 'आपले गुरुजी' म्हणून शिक्षकांचे फोटो वर्गात लावायचा आदेश निघाला होता, आठवतंय? स्वतः न येता दुसऱ्यालाच शिकवायला पाठवणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. असे लोक असतीलही. पण बाकीच्यांनी स्वतःचा फोटो भिंतीवर टांगून त्याखाली उभं राहून शिकवायचं. माझी बहीण शिक्षिका आहे. पोरं तिला विचारत होती, "बाई, तुम्ही वारल्या का?"

टवाळ_बंड्या
=)) =)) हार घातला होता का?

जुना_केंद्रप्रमुख
नोकरीची शेवटची बारा वर्षं केंद्रप्रमुख होतो, सातारा जिल्ह्यात. दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

मोजणीने काहीच होत नाही असं कोणी म्हणू नये. २०११ च्या ऑक्टोबरात तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजली, एकच मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून. सुरुवात नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशींनी केली होती. कागदावर असलेली लाखो मुलं प्रत्यक्षात सापडली नाहीत. त्यांच्या नावावर तांदूळ, अनुदान, शिक्षकांची पदं सगळं चालू होतं. प्रश्न फक्त डोकी मोजण्याचा होता, आणि तो शाईने सुटला.

पुढे २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं. आमच्या जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, त्याआधीच गाजत होतं. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून यायच्या. तिथे मुलं जमिनीवर आखलेल्या तक्त्यांवर बसून आपापलं शिकत होती. बाहेरून येणारे बहुतेक जण फरशीचे फोटो काढून नेत. परत गेल्यावर आधी फरशी रंगवत. तिथल्या बाई मुलाच्या चुकीकडे कशा बघतात, ते थोड्यांनीच टिपून नेलं. त्यामुळे काही शाळा खरोखर बदलल्या आणि कित्येक नुसत्या रंगल्या. मग आयएसओचं वेड आलं, लोकवर्गणीतून प्रमाणपत्रं आली. शाळासिद्धीत शाळेने स्वतःच स्वतःला गुण द्यायचे होते. माझ्या केंद्रात 'अ' श्रेणीखाली कोणी उतरायला तयार नव्हतं. मीच एका मुख्याध्यापकाला म्हटलं, अहो, तुमच्याकडे संरक्षक भिंतच नाही. तर म्हणाले, "साहेब, प्रस्तावित आहे."

शाळा तपासायला मला पाऊण तास पुरायचा. कार्यालयात बसायचं नाही. दुसरीत जायचं, शेवटच्या रांगेतल्या पोराजवळ मांडी घालायची आणि त्यालाच म्हणायचं, मला चष्मा नाही रे, जरा वाचून दाखव. पण हे वीस शाळांत दर महिन्याला करायला केंद्रप्रमुख लागतो. ती पदं वर्षानुवर्षं रिकामी आणि असलेला माणूस दोन केंद्रांचा कारभारी. तो माहिती गोळा करतो, शाळेत जात नाही.

डॉलरदेशी
वाचतोय, आवडतंय. इकडचा अनुभव टाकतो, कारण भारतातही गुणांवर शिक्षकांची जबाबदारी ठरवा असा सूर मधूनमधून निघतो.

अमेरिकेत २००२ पासून कायदा होता, 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड'. दरवर्षी चाचण्या, आणि २०१४ पर्यंत १०० टक्के मुलं प्रवीण झाली पाहिजेत हे उद्दिष्ट. मागे राहिलेल्या शाळांवर कारवाई. अटलांटात काय झालं? शिक्षक उत्तरपत्रिकांवर खोडरबर चालवत बसले. २०११ च्या चौकशीत ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं निघाली, २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले. त्याआधी तिथल्या शाळांच्या प्रमुख बाईंना देशातल्या सर्वोत्कृष्ट म्हणून पुरस्कार मिळाला होता. २०१५ च्या अखेरीस तो कायदाच बदलावा लागला.

तेव्हा खडू_फळा यांचा हिरवा तक्ता ही काही मराठी माणसाची खास कला नाही.

शंकासूर
म्हणजे मोजायचंच नाही का? सोयीचं आहे.

आकडेमोड
मोजायचं, पण कोण मोजतंय आणि त्याचं काय अडकलंय ते बघून.

केंद्र सरकारचा परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स घ्या, राज्यांच्या शालेय शिक्षणाला गुण देणारा. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्राला १००० पैकी ९२८ गुण मिळाले, केरळ आणि पंजाबच्या बरोबरीने. पेढे वाटावेत असा आकडा. त्या १००० ची फोड अशी होती: प्रशासकीय प्रक्रियांना ३६०, समतेला २३०, भौतिक सुविधांना १५०, प्रवेशाला ८०. उरलेले १८० अध्ययन निष्पत्तीला, म्हणजे मुलाला काय येतं त्याला. ऑनलाइन माहिती, हजेरीची नोंद, पदं भरणं वगैरे ३६० मध्ये. मुलाच्या डोक्याला कारभाराच्या निम्मेच गुण.

आता 'असर' बघा, 'प्रथम' या संस्थेची पाहणी. तिची मंडळी शाळेत मुलं तपासत नाहीत, घरी जातात. ग्रामीण जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावातली २० घरं. अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. गणितात हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. २०२४ मध्ये देशभरातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी निघाली २३.४ टक्के. २०२२ मध्ये, करोनानंतर, १६.३ होती, २०१८ मध्ये २०.९. म्हणजे सुधारणा खरी आहे, आणि तरीही चारातल्या तिघांना येत नाही.

'असर'मध्ये कोणाची वेतनवाढ अडकलेली नाही, म्हणून कोणी खोटं बोलत नाही. घाटमाथा, तुम्ही शेजारच्या मुलीला पुस्तक दिलंत ना, 'असर'ची पद्धत साधारण तीच आहे.

गोदाकाठची
आमच्याकडं बीडात दिवाळी झाली की वर्ग अर्धा रिकामा होतो. मुकादमाची गाडी येती, आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर, पोरं संगं. कागदावर ती शाळेतच ऱ्हातात. शिक्षण हमी कार्ड देतात, तिकडच्या शाळेत दाखवा म्हणून. पाचटाच्या कोपीत ते कार्ड कुठं ऱ्हातंय?

हंगामी वसतिगृह चांगली सोय हाय. पोरगं गावात आजीकडं ऱ्हातं, जेवण शाळेत. पण त्याचा पैसा उशिरा येतो आन् तवर उधारी किराणा दुकानात सरांच्या नावावर. हे समितीच चालवती, म्हणून सांगते. आमच्या समितीत मी धरून सात बाया हाईत. पहिल्या वर्षी नुसतं अंगठे. दुसऱ्या वर्षी एकीनं इचारलं, चाळीस पोरांचं तेल इतकं कसं? तवापासून सर आम्हाला आधी दाखवतात, मग भरतात.

वाचनाचं म्हणाल तर मार्चात परत आलेल्या पोराला चौथीचं पुस्तक देऊन काय कळायचं? त्याला दुसरीपासून धरावं लागतं. आमच्या बाईंनी धरलं. त्याचा रकाना कुठल्या अॅपात नव्हता.

अनुराधा_के
@गोदाकाठची, तेलाचा प्रश्न विचारणाऱ्या ताईंना माझा दंडवत सांगा.

दोन_मुलांची_आई
मी रांग लावणाऱ्यांपैकी. दोन्ही मुलं जि.प.तून काढून पिवळ्या बसच्या शाळेत घातली. वर्गाला वर्षभर शिक्षकच नव्हता. रोज कोणीतरी दुसरे सर यायचे आणि शुद्धलेखन देऊन जायचे. तक्रार करायला गेले तर म्हणाले, पद रिक्त आहे, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर आहे. पोर्टल कोणाच्या दारात आहे ते सांगा, तिथे जाते.

पण एक सांगते, नव्या शाळेत मी काही विचारूच शकत नाही. फी उशिरा भरली की मेसेज येतो, मुलाला काय येतं याचा मेसेज नाही. तिथे समिती नाही, केंद्रप्रमुख नाही. प्रगतिपुस्तकात सगळीकडे 'ए प्लस'. मुलगा इंग्रजी धडा घडाघडा म्हणतो, अर्थ विचारला की गप्प. मराठी तर आता दोघांचीही गेली.

मिरजकर
म्हणून पहिलीपासून सेमी-इंग्रजी सगळ्या जि.प. शाळांत हवं. आणि ती तिसरी भाषा हिंदी...

संपादक_मंडळ
तिसऱ्या भाषेवर स्वतंत्र धागा आहे आणि तो अजून धुमसतो आहे. कृपया तिथे.

टवाळ_बंड्या
वाचलो. नाहीतर या धाग्याचा काश्मीर झाला असता.

खडू_फळा
दोन_मुलांची_आई, तुमचा राग रास्त आहे. रिक्त पद आणि अतिरिक्त शिक्षक हे दोन्ही एकाच तालुक्यात असतात, ही आमच्या संच मान्यतेची, म्हणजे पटावरून पदं मंजूर करण्याची, किमया. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाप्रमाणे सहावी ते आठवीच्या गटात २० पेक्षा कमी मुलं असली की शिक्षक शून्य. मुलं आहेत, वर्ग आहे, शिक्षक मंजूर नाही. डोंगरात १७ मुलांसाठी कोण ओरडणार? वीसच्या आत पट असलेल्या हजारो शाळा राज्यात आहेत आणि लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची टांगती तलवार त्यांच्यावर कायम आहे.

त्यात सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, निकाल. पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा बाकी असलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. आमचे पन्नाशीचे सर मधल्या सुट्टीत बालमानसशास्त्र पाठ करतात.

शंकासूर
परीक्षा मुलांनीच द्यायची असते असं थोडंच आहे? द्या की.
बाकी नागपूरचा शालार्थ (शिक्षकांच्या पगाराचं पोर्टल) घोटाळा कोणी काढला नाही अजून. बनावट आयडीवर पगार निघत होते खासगी अनुदानित शाळांत. इतकी पोर्टलं असून २०२५ उजाडलं तो बाहेर पडायला.

आकडेमोड
तोच तर मुद्दा आहे. आयडी तयार करणारा हात आतलाच असला की पोर्टल काय करणार? आणि ती तेल मोजणारी बाई कुठल्या पोर्टलवर नव्हती.

कलम_दाखवा
मूळ प्रश्नाकडे येऊ का? वकिली करतो, त्यामुळे कोरडं वाटेल.

शिक्षण हक्क कायदा, कलम २१: समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. कामं म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख, विकास आराखडा सुचवणं, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष. कलम २२: तो आराखडा समितीनेच करायचा. तुमच्या शाळेचा पाहायला मागा, बहुधा तालुक्याच्या साच्यातला असेल, गावाचं नाव तेवढं बदललेलं.

सगळ्यात उपयोगी कलम २४. त्यात शिक्षकाची कर्तव्यं आहेत. वेळेवर येणं आलंच, पण पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हेही आहे. तुम्ही विचारलेला प्रश्न आगाऊपणा नव्हता. त्याचं उत्तर देणं हे कायद्याने सांगितलेलं काम आहे. शिवाय पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन. गुरुजी बीएलओच्या कामाला किती दिवस गेले याची नोंद समितीने इतिवृत्तात घ्यावी. ती गुरुजींच्या विरोधात नाही, उलट त्यांच्या कामाची. खडू_फळा यांनी वरिष्ठांकडे पाठवलेल्या तक्रारीला किंमत नसेल, समितीच्या ठरावाला थोडी असते.

जुना_केंद्रप्रमुख
वकीलसाहेबांना अनुमोदन. त्यात चावडी वाचनाची भर घालतो. निपुण महाराष्ट्रच्या २०२५ च्या कार्यक्रमात ते आहे. गावासमोर मुलांनी वाचायचं आणि उदाहरणं सोडवायची.

अनुराधा_के
माझा विरोध. न येणाऱ्या मुलाला चावडीवर उभं करायचं? त्याचा बाप घरी नेऊन बडवेल.

जुना_केंद्रप्रमुख
ताई, ते होतं, आणि दुसरंही होतं. शाळा चार हुशार पोरं पुढे काढते, धडा आधीच पाठ करून घेतलेला असतो, टाळ्या पडतात. दोन्ही टाळायचं तर चावडीवर न करता वर्गात करा. समितीतले दोन पालक, एक शिक्षक, एकेक मूल बाजूला घेऊन. मजकूर पालकाने आणायचा, पाठ्यपुस्तकाबाहेरचा. नाव बाहेर सांगायचं नाही, फक्त किती जण कोणत्या पायरीवर ते वहीत लिहायचं. तीन महिन्यांनी पुन्हा. सुरुवातीला आकडा खाली असला तर गुरुजींना जाब विचारायचा नाही हे आधी सांगून टाकायचं. नाहीतर तो वहीत पण हिरवा होईल.

शंकासूर
जाब विचारायचाच नाही?

जुना_केंद्रप्रमुख
पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा आकडा तसाच राहिला तर जरूर विचारा.

घाटमाथा
सगळ्यांचे आभार. काल मोठ्या गुरुजींशी बोललो. आधी चेहरा पडला त्यांचा, वरती कळवणार का म्हणाले. नाही म्हटलं, वही शाळेतच राहील. मग स्वतःच बोलले की तिसरीतली सहा जण जोडाक्षरांना अडतात, मला नावं माहीत आहेत. नावं त्यांना आधीपासून माहीत होती! तक्त्यात मात्र ती सहाही हिरवी.

पोषण आहाराची रोजची नोंद आणि शाळेतल्या इतर ऑनलाइन भरण्या यासाठी बारावी झालेली एक मुलगी दुपारी तासभर यायला तयार आहे. चालेल का हे नियमात, कलम_दाखवा?

कलम_दाखवा
लॉगिन-पासवर्ड तिच्या हाती देऊ नका, जबाबदारी मुख्याध्यापकांचीच राहते. तांदूळ मोजणं, नोंदवहीत उतरवणं, फोटो काढणं करू द्या. समितीचा ठराव करून घ्या.

खडू_फळा
तो दुपारचा तास मिळाला तर तिसरीची सहा पोरं दिवाळीपर्यंत सुटतील. 'पुस्तक'पासून सुरू करू नका. आधी 'म्म', 'च्च', 'ट्ट' असली एकाच अक्षराची जोडाक्षरं घ्या. अम्मा, बच्चू, पट्टी. मग अर्धं अक्षर वेगळं.

रानवाट
उशिरा आलो. आमची वस्तीवरची शाळा, पट ९, आणि नऊ मुलं मिळून पालक पाच घरांतले. त्यातले दोघे ऊसतोडीला. समितीत तीन चतुर्थांश पालक बसवायचे कुठून?

टवाळ_बंड्या
पालकांना दोन-दोन सह्या करायला शिकवा.

गोदाकाठची
@रानवाट, आज्यांना घ्या. पोरं त्यांच्याकडंच ऱ्हातात ना हंगामात? आमच्यात दोघी हाईत, तेलाचं त्यांनीच काढलं होतं.